रोजचे एकोणतीस तास

योंगिन, १६ फेब्रुवारी, रविवार

ताई,

पोचलो. काल दुपारी या निवासी क्लासच्या फाटकातच मोबाईल काढून घेतले. पिशवीत घातले, वर नावाची चिठ्ठी चिकटवली, आणि ती आता परीक्षेच्या दिवशीच उघडणार. माझ्यामागे एक जण रडत होता. त्याची ही दुसरी खेप आहे, म्हणजे माझ्यापेक्षा एकाने कमी, तरी रडत होता. मी आता तिसऱ्यांदा बसणाऱ्यांत मोडतो, त्यामुळे मला इथले सर लांबूनच मान देतात.

सकाळी साडेसहाला घंटा. केसांची लांबी सुद्धा मोजली. पत्र लिहायला फक्त रविवार. महिन्यातून तीन दिवस सोडतात, पण आईने आधीच कार्यालयात सांगून ठेवलंय म्हणे, आमच्या मुलाला घरी पाठवू नका, रिकामा वेळ त्याला बाधतो. वैद्यकीयला लागल्याशिवाय मी आपला उंबरा ओलांडायचा नाही, असा तिचा पण आहे. असो.

तुला एकच काम सांगतो. गेमचं खातं आणि त्याच्या हिशोबाची शीट तुझ्या मोबाईलवर चढवून दिलीय. तू मला 'गेमबहाद्दर' म्हणून किती टोमणे मारलेस ते मी विसरलेलो नाही, पण तरी तुलाच सांगतो, कारण माझ्या ओळखीत शीट नीट भरणारी दुसरी व्यक्ती नाही. डेपोतल्या साठ माणसांच्या पाळ्या तू लावतेस, तर एका मुलीची लेव्हल वाढवणं तुला काय जड आहे.

ती मुलगी म्हणजे रुआ. हातात दिवा घेऊन असते तीच. आता लेव्हल एक्केचाळीसवर आहे, ऐंशीपर्यंत न्यायची. दर पायरीला निळी धूळ आणि घुबडाची पिसं लागतात, आणि जसं वर जावं तशी जास्त लागतात. धूळ रोज मिळते. पिसं फक्त बुधवारी आणि शनिवारी. शीटमध्ये चार रकाने आहेत: हातात किती, लागणार किती, रोज किती येतं, अजून किती दिवस. तू फक्त पहिला रकाना भरायचा, बाकीचं ती आपोआप मोजते. खाली हिरव्या चौकोनात तारीख येते. निघताना तिथे १३ नोव्हेंबर दिसत होती.

तेरा नोव्हेंबरला परीक्षा आहे. संध्याकाळी बाहेर येऊन पिशवी उघडीन तेव्हा रुआ पूर्ण झालेली असावी, एवढंच मागणं आहे. बाकी कुठल्याही रकान्याला हात लावू नकोस.

बाबांना सांभाळ.

गारम


देजॉन, ४ मार्च, मंगळवार

गारम,

तुझं काम चालू आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार बाबांना डायलिसिसला नेते तेव्हा चार तास त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून असते, बहुतेक तिथेच करते. पूर्वी त्या वेळात मी डुलक्या काढायचे, आता तुझ्या कृपेने घुबडं मारते. तिसऱ्या मजल्यावरून बाबांना उतरवायला बारा मिनिटं लागतात, चढवायला वीस. त्यासाठी मी सकाळची पाळी सोडून दुपारची घेतली. हे कौतुकासाठी नाही लिहिलं, तू विचारलं नाहीस म्हणून लिहिलं.

बाबांना तुझी रुआ आवडली. ते तिला 'दिवेवाली' म्हणतात. एक हात नळ्यांमध्ये अडकलेला असतो, दुसऱ्या हाताच्या बोटाने टकटक करत बसतात. पलीकडच्या पलंगावरचे आजोबा आजच म्हणाले, "काय हो, नातीचा गेम का?" बाबा म्हणाले, "नाही, मुलाचा अभ्यास." मी हसले, मग नाही हसले.

आता एक कबुली. त्या गेममध्ये एक म्हातारा नावाडी आहे ना, कोपऱ्यात उभा, लेव्हल एकवर? तू त्याला कधी हातच लावला नाहीस. मला त्याची दया आली. मी त्याला चाळीस पिसं दिली. आता तो लेव्हल वीसवर आहे आणि ताठ उभा राहतो. बाबा म्हणाले, बरं केलंस.

पण शीटमधली तारीख एकदम ४ डिसेंबर झाली. काही फार बिघडत नाही ना?

आई तिच्या तोंडीलावण्यांच्या दुकानात आहे. तुला खारवलेली तिळाची पानं आणि कमळकाकडीचं तोंडीलावणं पाठवतेय. डब्याला वरून कागद लावला आहे तो फेकू नकोस, त्यावर तिने काहीतरी लिहिलंय.

ताई


योंगिन, ९ मार्च

ताई,

चाळीस पिसं! त्या थेरड्याला! तो पुढच्या कुठल्याच लढाईत चालत नाही, म्हणून तर तो लेव्हल एकवर होता. गेम खेळणारं शेंबडं पोर सुद्धा त्याला काही देत नाही. चाळीस पिसं म्हणजे तीन आठवडे. दिलेलं परत मिळत नाही. तू डेपोत चुकून एखाद्याची पाळी लावलीस तर पुसून दुसऱ्याची लावतेस, इथे तसं नसतं.

बरं, रागावलो नाही. म्हणजे रागावलो होतो, पण ओळीत उभं राहून जेवण घेताना राग ओसरला.

तुला एक सांगू का, मला ती शीट का आवडते ते. तिथे जेवढं घातलं तेवढं वर येतं. सहा पिसं घातली की सहा पिसांइतकी रुआ चढते. इथे मी रोज चौदा तास बसतो, आणि चाचणीत गेल्या वर्षीचेच मार्क परत भेटायला येतात. माझ्या पुढच्या बाकावरचा मुलगा दहा तास बसतो आणि वर जातो. हे कुठल्या रकान्यात लिहायचं मला समजत नाही.

मे महिन्यात होड्यांची शर्यत लागेल, त्यात पिसं मिळतात. रोज खेळलात तर भरून निघेल. नावाड्याला अजून एकही पीस देऊ नकोस.

आईच्या कागदावर लिहिलं होतं, 'डॉक्टर गारम यांस'. मी तो कागद कंपासपेटीत ठेवलाय.

गारम


देजॉन, १७ मे, शनिवार

गारम,

शर्यत संपली. पंचेचाळीस पिसं मिळाली. त्यातली निम्मी बाबांची आहेत. माणसाला जेमतेम ताटलीतली किमची उचलता येते, पण शर्यतीत पहिला येतो. हिरव्या चौकोनात आता १२ नोव्हेंबर आहे, तुझ्या मागण्यापेक्षा एक दिवस आधी. आता माझ्यावर तोंडसुख घेणं बंद कर.

तुझी शीट मी नीट पाहिली. खरं सांगू? आमच्या कंपनीची शीट इतकी स्वच्छ नाही. आमच्या साहेबांना दाखवली तर ते तुला उद्याच कामावर ठेवतील. गेमची आहे हे सांगितलं नाही म्हणजे झालं.

बाबांचं बरं चाललंय. वजन वाढलं म्हणून पाणी कमी केलंय, तेवढ्यावरून चिडचिड करतात. आईने कोळंबीची भाजी करून ठेवली होती, ती नर्सबाईला दिली आणि तिच्याकडून अर्धा प्याला पाणी उकळलं.

एक महत्त्वाचं. चार जूनला तुमची मोठी चाचणी आहे ना? तिचा निकाल मला कळव. उगाच फुगवून नाही, घाबरून कमी करूनही नाही. खरे मार्क कळव. आणि का विचारतेय ते विचारू नकोस. जूनअखेरपर्यंत मला कळलं पाहिजे.

ताई


योंगिन, ८ जून

ताई,

चाचणी चांगली गेली. गणितात पहिली श्रेणी आली. जीवशास्त्रातही पहिली. भाषेत दुसरी, पण ती नोव्हेंबरपर्यंत निघेल असं सर म्हणतात. आईला सांग.

इथे उकाडा सुरू झालाय. वर्गात पंखा आहे, पण तो त्याच्याच तंद्रीत फिरतो.

रुआ किती झाली?

गारम


देजॉन, २१ जून, शनिवार

गारम,

शाब्बास रे पठ्ठ्या!

आईला दुकानात जाऊन सांगितलं. ती पाठ फिरवून मासळीचे तुकडे तळत राहिली. मग दुपारभर येईल त्या गिऱ्हाइकाला मूठ मूठ तळलेली मासळी फुकट वाढत होती. संध्याकाळी विकायला काही उरलंच नाही. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मग मी तेवढा टिकतो. मुलगा डॉक्टर होईपर्यंत." सहा वर्षं लागतात हे त्यांना माहीत आहे. तरी म्हणाले.

मला एक ठरवायचं होतं, ते मी ठरवलं. तुझ्या मार्कांवर अडलं होतं. आता काही रुखरुख नाही. या घराने काहीतरी एक मोठं करावं आणि त्यासाठी बाकीच्यांनी थोडं थांबावं, हे मला पटतं. तू फक्त खाली मान घालून अभ्यास कर.

रुआ त्रेसष्टवर आहे.

ताई


देजॉन, १२ जुलै, शनिवार

गारम,

गेमवाल्यांनी काल कमाल लेव्हल ऐंशीवरून नव्वद केली. म्हणजे तुझ्या शीटमध्ये दहा ओळी वाढवायला हव्यात. मी म्हटलं, गारमवर कशाला ओझं टाकायचं, आपणच करू. ओळी वाढवताना काही ओळी लपवलेल्या दिसल्या, म्हणून मी लपवलेलं सगळं उघडलं. तशी आमच्या डेपोत सवयच आहे, लोक आपल्या रजा लपवतात.

एक अख्खं पान उघडलं. त्याचं नाव 'गारम'.

तू स्वतःला त्या रुआसारखं मांडलं आहेस. भाषा, गणित, इंग्रजी, जीवशास्त्र, रसायन. आता कुठली श्रेणी, हवी कुठली, एक पायरी चढायला किती तास. मागच्या दोन वर्षांचे सगळे मार्क आहेत, प्रत्येक चाचणीचे. आणि तळाशी, जिथे रुआच्या पानावर हिरवी तारीख येते, तिथे लाल चौकोन आहे. 'रोज लागणारे तास: २९'. शेजारी 'पोचत नाही'. पान केल्याची तारीख १४ जानेवारी.

मी आकडे तपासले. सूत्र तपासलं. माझा धंदाच तो आहे. एक चूक मिळावी म्हणून बाबांच्या शेजारी बसून चार तास शोधली. नाही मिळाली. तू कधी चुकत नाहीस शीटमध्ये.

मग मी तुमच्या इन्स्टिट्यूटच्या कार्यालयात फोन केला. पालक म्हणून केला. जूनच्या चाचणीत गणितात तुझी तिसरी श्रेणी आहे. जीवशास्त्रात चौथी.

आता ऐक, मी तुझ्यापासून काय लपवलं ते. मे महिन्यात आमच्या कंपनीने मला जेजू बेटावरचा डेपो देऊ केला होता. सोळा माणसं, मी त्यांची प्रमुख. समुद्रापासून चालत दहा मिनिटं. मी एकतीस वर्षांची आहे आणि आजतागायत आईच्या दुकानावरच्या खोलीत झोपते. अंगाला, केसांना, उशीला तळणाचा वास आहे. तिथे माझी एक खोली असती आणि तिला कसलाच वास नसता. त्यांनी तीस जूनपर्यंत उत्तर मागितलं होतं. मी गेले तर बाबांना आठवड्यातून तीनदा कोण नेणार? तू नेऊ शकला असतास. म्हणून मी तुझे मार्क विचारले. मुलगा खरंच पोचणार असेल तर आपण थांबावं, नसेल पोचणार तर त्याला परत बोलवावं आणि आपण जावं, असा माझा हिशोब होता. तू पहिली श्रेणी लिहिलीस. मी नऊ दिवस आधीच त्यांना नाही कळवून टाकलं, आनंदाच्या भरात.

तू जानेवारीतच मोजलं होतंस. तुला माहीत होतं. आणि माहीत असून तू मला इथे जिन्यावर उभं केलंस.

ताई


योंगिन, २० जुलै

ताई,

तुझं पत्र शौचालयात वाचलं. इथे एकटं बसायला तेवढी एकच जागा आहे.

मला जेजूचं माहीत नव्हतं. 'खरे मार्क कळव, का ते विचारू नकोस' असं तू लिहिलंस, मला वाटलं आईने तुझ्याकडून लिहून घेतलंय. आईला तिसरी श्रेणी कशी लिहू? ती 'डॉक्टर गारम' लिहिलेले कागद डब्यांवर लावते. मी खोटं आईशी बोललो, ताई. ते तुला जाऊन लागलं.

पण तुझी एक गोष्ट मी ऐकून घेणार नाही. मी सांगितलं होतं. ते पान मी लपवण्यासाठी नव्हतं केलं, दाखवण्यासाठी केलं होतं. जानेवारीअखेरच्या सणाला, चांद्र नववर्षाचं जेवण चालू होतं, बाबांचा वेगळा अळणी वाडगा होता. मी म्हणालो, "मला नाही जमणार, मी मोजलंय. मी घरी थांबतो. गाडी शिकतो, बाबांना मी नेईन." आईने चमचा खाली ठेवला. आणि तू काय म्हणालीस? आठव. तू म्हणालीस, "नाटकं बंद कर. या घरातलं एक तरी माणूस वर निघू दे." मोबाईल माझ्या हातात होता, पान उघडं होतं. मी तो खिशात घातला आणि त्याच दिवशी पान लपवून टाकलं.

तुझ्या जिन्यावर मी तुला उभं केलेलं नाही. आपण दोघांनी मिळून केलंय. आईला धरून.

आता एक मागतो, रुआचं नाही. ते पान आईला दाखव. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल, तुला आकड्यांतलं कळतं हे तिला माहीत आहे. मला इथून काढ. ऑगस्टमध्ये आलो तर महिन्याभरात गाडी शिकेन. तू त्यांना परत विचार, कदाचित जागा भरली नसेल. इथे मी सकाळी उठतो तेव्हा आधी तो लाल चौकोन दिसतो. पुस्तक उघडलं की तोच. कोणीतरी सांगायला हवं की बस झालं. मला सांगता येत नाही, मी एकदा सांगून पाहिलंय.

ताई, प्लीज.

गारम


देजॉन, १६ ऑगस्ट, शनिवार

गारम,

चार आठवडे उत्तर दिलं नाही. तू प्रत्येक रविवारी वाट पाहिली असशील, हे मला माहीत होतं.

पान मी आईला दाखवलेलं नाही. दाखवणारही नाही.

जेजूला फोन केला होता. जागा भरली. बुसानहून कोणी बाई आल्या आहेत.

तू म्हणतोस ते खरं आहे, जेवताना मी तसं बोलले होते. मला आठवत नव्हतं, आता आठवतं. बाबांची मूत्रपिंडं गेली तेव्हा डॉक्टर आपल्याशी कसे बोलले होते, दारात उभं राहून, घड्याळ बघत? त्या दिवसापासून मला घरात डॉक्टर हवा आहे. आईपेक्षा जास्त मलाच हवा आहे. हे मी कधी कबूल केलं नव्हतं.

पण तू आता परत आलास तर मी नाही म्हटलं ते कशासाठी? मी कोणासमोर उभी राहून काय सांगू? तू नोव्हेंबरपर्यंत तिथेच बसायचं. पोचत नाही तर नाही पोचत. तरी बसायचं. मी इथे बसले आहे ना, तसंच. मला माहीत आहे, हे न्यायाचं नाही. मला आता न्यायाची भूक नाही.

रुआ एकाहत्तर.

ताई


योंगिन, १४ सप्टेंबर

ताई,

बरं.

या वेळी तीन दिवसांची सुट्टी होती, तेव्हा पहिल्यांदाच गावात गेलो. इंटरनेटच्या दुकानात तासभर बसलो. गेम नाही खेळलो. एक अर्ज भरला. तो कशाचा ते परीक्षेनंतर सांगेन.

यापुढे त्या पानाबद्दल लिहू नकोस. मीही लिहिणार नाही. सप्टेंबरच्या चाचणीचे मार्क कळवत नाही, तुला ठाऊकच आहेत.

गारम


देजॉन, १ नोव्हेंबर, शनिवार

गारम,

रुआ आज ऐंशी झाली. बारा दिवस आधी. शेवटची पायरी बाबांच्या हाताने चढवली. दिवा एकदम मोठा झाला आणि सगळं बंदर उजळलं. बाबांनी पलीकडच्या आजोबांना मोबाईल नेऊन दाखवायला लावला. आजोबांना काही दिसलं नसावं, पण ते म्हणाले, अभिनंदन.

चिकट तांदळाचे लाडू पाठवते आहे. परीक्षेच्या सकाळी एक खा, म्हणजे चिकटशील. शैवालाचं सूप कोणी दिलं तर पिऊ नकोस, घसरशील. आईने हे सांगायला लावलं. मीही सांगतेय, हसू नकोस.

ऑगस्टमध्ये मी तुला जे लिहिलं ते पत्र परत मागवता आलं असतं तर मागवलं असतं. मला लिहिता येत होतं म्हणून मी लिहिलं, एवढंच.

तेरा तारखेनंतर सरळ घरी ये. इकडेतिकडे कुठे थांबू नकोस. मला तुझ्याशी समोरासमोर बोलायचं आहे. ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, आणि मला तू पुढ्यात बसलेला हवा आहेस.

ताई


सुवॉन, १६ नोव्हेंबर

ताई,

मोबाईल मिळाला. तुझे अकरा फोन दिसतात. मी उचलणार नाही, राग मानू नकोस. बोलायला लागलो की मी आठ वर्षांचा होतो, म्हणून लिहितो.

परीक्षा झाली. दुपारी जीवशास्त्राचा पेपर हातात आला तेव्हा वाचायच्या आधीच मला कळलं. घरी येऊन उत्तरं पडताळली. घरी म्हणजे पार्कच्या घरी, माझ्या शेजारच्या बाकावरचा मुलगा, मी त्याच्याकडे आहे. भाषा तीन, गणित तीन, जीवशास्त्र चार. जानेवारीच्या पानावर हेच अंदाज होते. एकाही विषयात फरक नाही. माझी शीट कधी चुकत नाही हे तू बरोबर लिहिलं होतंस.

आता तो अर्ज. मी सैन्यात जायची तारीख मागून घेतली. एक ना एक दिवस जायचंच असतं सगळ्यांना, मी लवकरची मागितली. आठ डिसेंबरला नोनसानच्या छावणीत हजर व्हायचं. दीड वर्ष. आईने फेब्रुवारीत चौथ्यांदा बसवायचं ठरवलं असणार, आणि तू गप्प बसली असतीस. नाकारायचं धाडस मला होत नाही, ताई. सैन्याला मात्र आई सुद्धा नाही म्हणू शकत नाही. या देशात आईला अडवणारं तेवढं एकच आहे.

तू समोरासमोर बोलायचं म्हणालीस. काय बोलणार आहेस ते मला माहीत आहे. ऑगस्टचं पत्र मी पाठ केलंय, त्याचाच पुढचा भाग असेल. तुझ्या हक्काचा आहे, पण पुढ्यात बसून ऐकायची ताकद माझ्यात नाही. दीड वर्षाने ऐकेन.

मधल्या दिवसांत घरी येत नाही. बाबांना सांग, मुलगा सैन्यात गेला. त्यांना ते डॉक्टरइतकंच आवडेल. रुआ पाहिली. छान झाली आहे. दोन मिनिटं पाहिली आणि बंद केली, तिच्यासाठी आणखी काय करायचं ते सुचलं नाही.

मला माफ कर.

गारम


देजॉन, २० नोव्हेंबर, गुरुवार

गारम,

तुझं पत्र काल आलं. आईला वाचून दाखवलं, मार्कांचा भाग सोडून. ती दुकानात गेली आणि तिने झाकण लावायला घेतलेले डबे परत उघडून पुसले. बाबा म्हणाले, थंडीत चाललाय, मोजे जाड दिलेत का?

अर्ज मागे घेता येतो का म्हणून मी आज सकाळी चौकशी केली. नाही येत. तू शीटइतकंच पक्कं काम केलं आहेस.

मी काय बोलणार होते ते आता सांगते. बुसानच्या बाईंना बेट मानवलं नाही. ऑक्टोबरअखेर जेजूहून फोन आला, जानेवारीच्या पाच तारखेला येता का म्हणून. मी त्यांना हो म्हटलं होतं. आईलाही सांगितलं नव्हतं, आधी तुला सांगायचं होतं. तू परीक्षेहून येशील, मी तुला गाडी शिकवीन, जिन्यावर बाबांना कुठे धरायचं ते दाखवीन, आणि आईला ते लाल चौकोनाचं पान आपण दोघं मिळून दाखवू. चौथी खेप मी होऊ देणार नव्हते. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. पण त्यात तुझंही सुटणं होतंच. ही आनंदाची बातमी होती, गारम. तुझा चेहरा बघायचा होता म्हणून पत्रात लिहिली नाही. चांगलं काही पत्रात लिहायची आपल्याला सवयच नाही, आणि वाईट मात्र मी चार आठवडे घोटून लिहिलं.

तू माफी मागितली आहेस. माझ्याकडे आज नाही. असती तर दिली असती. तू माझ्या ऑगस्टच्या पत्रावर रागावून अर्ज भरलास, आणि ते पत्र मी तुझ्या जूनच्या पत्रावर रागावून लिहिलं होतं. कोण कोणावर किती ते आता शोधायला मी बसणार नाही. छावणीतून आईला लिहीत जा. मला लिहू नकोस, निदान उन्हाळ्यापर्यंत.

आज डायलिसिस चालू असताना जेजूला फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं. पलीकडची मुलगी बिचारी चांगली होती, तिने कारण विचारलं. मी म्हटलं, वडील आजारी आहेत आणि घरात दुसरं कोणी नाही त्यांचं करायला, नाहीतर मी केव्हाच सुटले असते. मला वाटत होतं बाबांना डोळा लागलाय. ते जागे होते.

ताई